पेशंट सांभाळायला माणूस देणाऱ्या ब्युरोवर कुणाचं कंट्रोल असतं का?

निशिगंध:
नमस्कार. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आल्यापासून ते अंथरुणावरच आहेत, नाकातून पोटात जाणारी आरटीची (फीडची) नळी, लघवीसाठी कॅथेटर. मी बंगळुरूला, आई ठाण्यात एकटी, त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डबॉयने जो नंबर दिला त्या ब्युरोतून २४ तासांचा माणूस ठेवला. रजिस्ट्रेशनचे पैसे आधी भरा, डिपॉझिट वेगळं. "ट्रेन्ड ब्रदर पाठवतो" म्हणाले आणि जो मुलगा आला त्याने नळीतून फीड कसं द्यायचं हे आईलाच विचारलं!! कूस बदलायची असते हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं, आता कमरेखाली बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) झालाय, ड्रेसिंगला रोज नर्स येते, बाबांना बोलता येत नाही पण चेहऱ्यावर सगळं दिसतं. ब्युरो म्हणतो आम्ही फक्त माणूस मिळवून देतो, पुढची जबाबदारी आमची नाही. पावतीच्या मागे शिक्का, रजिस्ट्रेशन फी परत मिळणार नाही. मग दर महिन्याला कमिशन कशाचं घेता? यांना लायसन कोण देतं, तक्रार कुठे करायची? प्लीज सांगा.

कोर्टनाका:
ताई, खास या धंद्याचं असं लायसनच नाहीये महाराष्ट्रात. शॉप ॲक्टखाली नोंद केली की झालं, कामाला थोडीच माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते. आता हे बघा, सोसायटीला वॉचमन पुरवायचा असेल तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो, गार्डचं ट्रेनिंग लागतं, त्याची पार्श्वभूमी तपासावी लागते. म्हणजे गेटवर उभं राहणाऱ्यासाठी कायदा आहे आणि घरात शिरून पेशंटच्या नळीला हात लावणाऱ्यासाठी नाही. याचा मला खरंच संताप येतो.
२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात बदल करायला डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं, त्यात घरी सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी आणि किमान दर्जा दोन्ही होतं. पास झालंच नाही, २०२४ ला लोकसभेची मुदत संपली आणि तेही बारगळलं.
तोवर ग्राहक कायदा वापरा. आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा, नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. "ट्रेन्ड" हा शब्द व्हॉट्सॲपवर लिहिलेला असेल तर तो मेसेज जिवापाड जपा, आणि जखम कधी दिसली ते ड्रेसिंगवाल्या डॉक्टरांकडून लेखी घ्या.

सिएटलची_माई:
वॉर्डबॉयने नंबर दिला तिथेच मला पाल चुकचुकली, कारण बऱ्याच ठिकाणी त्यालाही काहीतरी सुटत असतं आणि ते घरच्यांना कधीच कळत नाही. इकडे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हाच प्रश्न होता, फक्त वृद्धांच्या निवासांच्या बाबतीत. निवास सुचवणारी एजन्सी म्हणायची आमचा सल्ला फुकट, आणि पैसे मिळायचे त्या निवासाकडून, मग ती चांगली जागा सुचवणार की जास्त देणारी? २०१० मध्ये सिएटल टाइम्स या पेपरने हे सगळं बाहेर काढलं आणि २०११ मध्ये राज्याने कायदा केला. आता फी कुठून येते ते एजन्सीला लेखी सांगावंच लागतं. माणूस पहिल्या ३० दिवसांत दगावला किंवा हलवावा लागला तर फीचा काही भाग परत करण्याचीही सोय आहे. यातलं पहिलं तर आपल्याकडे एका साध्या नियमाने उद्या होऊ शकतं.

चिंचपोकळी_४:
थोडी दुसरी बाजू सांगते, राग नको. माझी मावशी ब्युरोतूनच जाते कामाला. पेशंटच्या घरून महिन्याचे जे घेतात त्यातला मोठा वाटा ब्युरो कापतो, किती कापला ते तिला कधी सांगत नाहीत. पहिल्या घरी तिलाही कॅथेटरची पिशवी रिकामी करणं माहीत नव्हतं, पेशंटच्या सुनेने शिकवलं. पेशंट वारला की त्या दिवसापासून काम बंद, ब्युरो फोन करेल तेव्हा खरं. त्या मुलालाही बहुतेक गावाहून आल्या आल्या पाठवलं असणार. लायसन आणाच, पण त्यात ट्रेनिंग ब्युरोने स्वतःच्या खर्चाने द्यायचं आणि कमिशन किती ते दोन्हीकडच्या कागदावर लिहायचं, एवढं पाहिजेच. नाहीतर लायसनचा खर्चसुद्धा मावशीच्याच पगारातून निघेल.

कोर्टनाका:
चिंचपोकळी, शंभर टक्के. आणि निशिगंध, पुढचा माणूस घेताना तो आल्याबरोबर डॉक्टर किंवा नर्ससमोर एकदा फीड देऊन दाखवायला सांगा, जमलं तरच ठेवा. नर्स म्हणून पाठवली तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर मागा. पोलीस व्हेरिफिकेशनची कॉपी पण.

निशिगंध:
खूप आभार सगळ्यांचे. मेसेज सापडला, "ट्रेन्ड ब्रदर, आरटी अनुभव" असं स्पष्ट लिहिलंय. १९१५ वर आजच तक्रार टाकते. त्या मुलाचं नाव तक्रारीत घालणार नाही, फक्त ब्युरोचं. आमदारांना पत्रही द्यायचंय, ठाण्यातलं कुणी सही करणार असेल तर इथे सांगा.