सगळ्या घराने मिळून हसावं असा ॲनिमेशन सिनेमा : तुमचे अनुभव सांगा

रानवाट
काल भाचीचा फोन. "मावशी, सगळे जमतोय, आजोबांपासून चार वर्षांच्या पिल्लूपर्यंत. हसवणारा एखादा ॲनिमेशन सिनेमा सांग ना." मी पटकन 'फाइंडिंग निमो' म्हणणार होते आणि शब्द ओठांवरच थांबले.

२००३ साली तो आला तेव्हा माझी लेक पिल्लूएवढीच होती. पोस्टरवर केशरी मासा, विनोदी आहे असं ऐकलेलं, म्हणून निर्धास्त गेलो. सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, बॅराकुडा नावाचा शिकारी मासा झडप घालतो, पडदा अंधारतो आणि मग निमोची आई नाही. शेकडो अंड्यांतलं एकच उरलेलं. लेकीने माझी बाही मुठीत धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. पुढे डोरी नावाची मासोळी सतत सगळं विसरत राहते, थिएटर हसतंय, आणि ही मात्र पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात त्या आईलाच शोधतेय. घरी आल्यावर विचारलं, "तिला शोधायला कुणीच का नाही गेलं?"

सिनेमा सुंदरच आहे. पण तेव्हापासून लहान मूल सोबत असेल तर सुरुवातीची दहा मिनिटं मी आधी एकटी बघते. ट्रेलरवर भिस्त ठेवत नाही, त्यात विनोदच वेचून घेतलेले असतात. तुमचं काय झालं तेही सांगा. शनिवारपर्यंत नाव द्यायचंय भाचीला.

सुगरणपक्षी
अगं लेक आठवली आणि पोटात कालवलं. आमच्याकडे उलट झालं. 'अप' (२००९). मुलं "फुगे कधी, फुगे कधी" करत होती आणि आम्ही नवराबायको पहिल्या दहा मिनिटांतच डोळे पुसतोय. धाकटा म्हणे, "बाबा, घर तर अजून उडालंच नाही, रडतोस काय?" पण तो बोलणारा कुत्रा आला ना, खार दिसली की बोलता बोलता मान गर्रकन वळवणारा, तिथे चौघेही एकदम हसलो. कपडे वाळत घालायचेत, नंतर येते.

एक_टिंब
'सॉसेज पार्टी'पासून लांब रहा. २०१६चा, अमेरिकेत आर सर्टिफिकेट आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठं माणूस सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही. चित्रं गोड दिसतात म्हणून दादाने लावला होता. सगळी पोरं समोर बसलेली. रिमोट सापडेना!! ॲनिमेशन म्हणजे मुलांचं हे डोक्यातून काढा, सर्टिफिकेट आधी बघा.

गोगलगाय
बाबांना दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. घरात सिनेमा लागला की दर वाक्याला "काय म्हणाला?" आणि कुणी सांगेपर्यंत पुढचा विनोद निघून गेलेला. हळूहळू ते उठून आत जायला लागले. आम्हीही त्यांना थांबवणं सोडून दिलं होतं, याचं फार वाईट वाटतं.

मग एकदा 'शॉन द शीप'चा सिनेमा (२०१५) लावला. त्यात संवादच नाहीत, माणसंसुद्धा नुसती पुटपुटतात. मेंढ्या माणसांचे कपडे चढवून हॉटेलात बसतात त्या प्रसंगाला बाबांनी मांडीवर थाप मारली. नातू आधी पडद्याकडे बघत होता, मग बाबांकडेच बघायला लागला. त्या दिवशी एकदाही "काय म्हणाला" आलं नाही. मध्यंतरात नातवाला तेच समजावून सांगत होते, बोकड कोण, कुत्रा कोण.

रानवाट, आजोबांना ऐकू येतं का नीट? नसेल तर हाच.

रानवाट
गोगलगाय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं गं. आजोबा मशीन लावतात पण गोंगाटात काढून ठेवतात. थँक्यू. बाबांना नमस्कार सांग.

भटकभवानी
+१ शॉन. सबटायटलचंही तसंच. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचं वाचून होईतो ओळ गायब. चांगलं डबिंग नसेल तर आमच्याकडे तो सिनेमा बाद.

'वॉल-ई' चालेल का कुणी सांगा? त्यातही बोलणं कमी ना?

सुगरणपक्षी
वॉल-ईचा पूर्वार्ध जवळजवळ बिनसंवादाचा आहे, मला जिवापाड आवडतो. पण शांत आहे गं, आमचा धाकटा चुळबुळ करत होता. सात-आठच्या पुढे लाव. (कपडे झाले.)

निळी_शाई
भाचा पाच वर्षांचा, 'पुस इन बूट्स : द लास्ट विश' (२०२२). मांजर आणि विनोद म्हणून बसलो. त्यातला लांडगा शीळ घालत येतो. पोरगं डोळे झाकत नव्हतं, कान दाबून धरत होतं! तेव्हा कळलं, भीती आवाजात आहे. बहिणीने आवाज अगदी बारीक केला, दिवा लावला, तर मजेत बघायला लागला. थिएटरात हे जमत नाही, म्हणून लहानांना पहिल्यांदा घरीच दाखवावं असं माझं ठाम मत.

'झूटोपिया' (२०१६) मात्र डोळे मिटून लावा. सरकारी कचेरीतला तो स्लॉथ, म्हणजे अतिशय संथ हालणारा प्राणी! विनोद ऐकून त्याचं हसू गालभर पसरायला एक युग लागतं. मोठे हसतात ते रांगेत घालवलेले तास आठवून, लहान हसतात त्या चेहऱ्याला. पण हसतात एकाच क्षणी.

एक_टिंब
स्लॉथ!!! आमचे काका अजून तसंच "हॅ… लो" म्हणतात फोनवर.

भटकभवानी
विषय निघालाच आहे तर, शेवटची श्रेयनामावली बंद करू नका. 'अ बग्ज लाइफ' (१९९८), 'टॉय स्टोरी २' (१९९९), 'मॉन्स्टर्स इंक' (२००१), तिन्हींत शेवटी खोट्या चुका आहेत, पात्रं संवाद विसरतात, अडखळतात. मुलाला वाटलं ती खरी नटमंडळी. 'टॉय स्टोरी २' बघून झाल्यावर कितीतरी दिवस झोपताना अस्वलाला पांघरूण घालून सांगायचा, "आज तुझं काम छान झालं."

गोगलगाय
अस्वल आहे अजून?

भटकभवानी
आहे. एक डोळा मी बटणाचा लावलाय. मुलगा आता हॉस्टेलवर, अस्वल माझ्या कपाटात.

सुगरणपक्षी
पाठव गं फोटो.

रानवाट
भाचीला 'शॉन' सांगितला, आणि वेळ उरला तर 'झूटोपिया'. पहिली दहा मिनिटं आजच बघून ठेवते म्हणाली. भटकभवानी, मलाही पाठव अस्वलाचा फोटो.