गुन्ह्याविषयीची दृष्टी घरात घडते की बाहेरच्या अनुभवातून?

माळकरी: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे आमच्या घरी लहानपणापासून बजावले जाई. मात्र गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हेही मी पाहत आलो. घरात कोणी कधी तसे म्हटले नसताना ‘चोर म्हणजे पारधी’ हे समीकरण माझ्या मनात बसलेच. यालाही संस्कारच म्हणायचे का?

बोरीबाभळी: म्हणावे लागेल, आणि तो संस्कार सरकारनेच केलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, हजेरी आणि गाव सोडताना परवाना हे सारे नशिबी आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, तरी सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांमुळे पाळत सुटली नाही. काहीही केलेले नसताना बापाला पोलीस घेऊन जातात, हे पाहिलेल्या मुलाला आई ‘खाकी दिसली की पळ’ असे शिकवते. ते मूल पळते आणि पळाले म्हणूनच त्याच्यावरचा संशय बळावतो. अशा मुलाला कायद्याविषयी आदर वाटावा तरी कसा?

तिठा: अनुभवाचे म्हणणे मान्य आहे, पण आपल्याकडच्या सुसंस्कृत घरांचेही पाहा. मुलाने वर्गातून खोडरबर आणले तर त्याला परत करायला लावणारे वडील शेतातल्या मोटारीसाठी तारेवर आकडा टाकतात, आणि ‘सगळेच टाकतात’ म्हणतात. २००३ च्या वीज कायद्यानुसार या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणजे, त्या शिवाराला कोणी चोरांची वस्ती म्हणत नाही. मूल काय शिकते, तर चोरी वाईट, पण नेमकी कोणती चोरी, हे चारचौघे ठरवतात!

माणदेशी: मोठ्या माणसांची वागणूकही अनुभवाने बदलते का, हे पाहायचे तर आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा विचार व्हावा. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तेथे खुली वसाहत वसवली आणि कैद्यांना बायकामुलांसह राहून शेती करण्याची मुभा दिली. पळून जायला वाव असलेल्या माणसाला रोज संध्याकाळी आपल्याच घरी परतायचे असते, हा फरक लहान नाही. मात्र अशा वसाहतींत कारागृहातील वर्तन पाहूनच कैदी पाठवले जातात, त्यामुळे मोकळीक दिली की कोणीही सुधारतो, असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे ठरेल.