मदत हवी आहे: दोन इंग्रजी मजकुरांची तुलना कशी मांडू?

एम. ए. इंग्रजी, सांगली. स्टायलिस्टिक्सच्या (भाषाशैलीचा अभ्यास) असाइनमेंटसाठी पुराबद्दलचे दोन मजकूर घेतलेत. एक सरकारी सूचना: आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चालली आहे, ४५ ला धोका. दुसरा म्हणजे गावभागातल्या काकांनी अमेरिकेतल्या नातवाला पाठवलेली व्हॉइस नोट, ऐकून उतरवलेली. परवानगी घेतली आहे.

भाषातज्ज्ञ हॅलिडेच्या फील्ड (विषय काय), टेनर (बोलणारा-ऐकणारा यांचं नातं), मोड (लेखी की तोंडी) यांप्रमाणे तक्ता केलाय. सूचनेत सगळं पॅसिव्ह, ‘रेसिडेंट्स आर अ‍ॅडव्हाइज्ड’. सांगतंय कोण, पत्ता नाही. काकांचं मात्र ‘वॉटर हॅज कम, यू डोंट वरी, हां’. (तो ‘हां’च मला सगळ्यात आवडलाय.)

मॅडम म्हणतात, ही दोन वेगळी विश्लेषणं झाली, तुलना दिसत नाही. मजकूर बदलता येणार नाहीत, मर्यादा १५०० शब्द, सोमवारी द्यायचंय. तयार उत्तर नको.

तर प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा, समजा मोडॅलिटी (शक्यता, सक्ती, खात्री कशी दाखवली आहे), घेऊन दोन्ही मजकूर शेजारी ठेवायचे का? मग ‘हां’, अडखळणं, अर्धी वाक्यं यांना सूचनेत जोडच नाही, ती कुठल्या मुद्द्याखाली घ्यायची?