प्रतिसाद: लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा

विंडोज काढून थेट लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकावं, या सल्ल्याशी मी सहमत नाही. आधी ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर रुफसने (पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येईल अशी सोय करणारं सॉफ्टवेअर) लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार उतरवा आणि तिथूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड बरेचदा इथेच अडतं, कारण त्याचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद कराच. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, म्हणून लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की (४८ अंकी असते) आधीच कागदावर उतरवा. टॅली किंवा फोटोशॉपवर रोजचं काम असेल, तर मात्र विंडोजच बरं, कारण ती लिनक्सवर थेट चालत नाहीत.