ईएलएम ३२७ उत्तर देतो, पण ईसीयूशी (इंजिनच्या कॉम्प्युटरशी) संपर्क होत नाही

प्रश्न
लॅपटॉपला गाडीतले दोष वाचणारी यूएसबी ईएलएम ३२७ केबल जोडली आहे. कॉम पोर्ट दिसतो, टर्मिनलमध्ये ३८४०० बॉड ठेवून एटीझेड (चिप रीसेट) दिलं की 'ईएलएम ३२७ व्ही २.१' असं येतं. मग एटीएसपी० (प्रोटोकॉल आपोआप शोध) आणि ०१०० (ईसीयूला पहिला प्रश्न) दिलं की थोडा वेळ 'सर्चिंग' आणि शेवटी 'अनएबल टू कनेक्ट'. इग्निशन चालू, इंजिन बंद. गाडीच्या १६ पिनी सॉकेटमध्ये ४, ५, ७ आणि १६ एवढ्याच पिना आहेत. चेक इंजिनचा दिवा लागलाय. केबल बदलू, की दोष गाडीत आहे?

प्रतिसाद १
एटीझेडच्या उत्तरावरून गाडीबद्दल काहीच कळत नाही. यूएसबी केबलमधली चिप बहुधा लॅपटॉपच्या ५ व्होल्टवर चालते, सॉकेटमधून काढून ठेवली तरी ती उत्तर देईल. आधी एटीआरव्ही (व्होल्टेज वाचण्याची आज्ञा) द्या. बॅटरीइतका व्होल्टेज आला तर पिन १६ आणि ग्राउंड ठीक. शून्याच्या आसपास आला तर फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि लायटरचा फ्यूज एकच असतो.

पिन ६ आणि १४ नाहीत म्हणजे कॅन (नव्या गाड्यांतली डेटा-लाइन) नाही, पिन ७ म्हणजे के-लाइन (जुनी एकतारी डेटा-लाइन). तेव्हा एटीएसपी० वर न सोडता एटीएसपी३, ४, ५ (के-लाइनचे तीन प्रोटोकॉल) एकेक करून द्या आणि दर वेळी ०१०० पाठवा. ३ आणि ४ मध्ये सुरुवातीचा पत्ता ५ बॉडने जातो, त्यालाच २ सेकंद लागतात. घाई करून मध्येच कळ दाबली की प्रयत्न तिथेच थांबतो. 'बस इनिट: ओके' आलं की जिंकलात.

प्रतिसाद २
तिन्हींवर 'एरर' आला तर मल्टिमीटर घ्या. केबल लावलेली, इग्निशन चालू, पिन ७ आणि ५ मध्ये व्होल्टेज मोजा. के-लाइन रिकामी असताना बॅटरीच्या जवळपास हवी. ती खाली ओढलेली दिसली तर केबल काढून पुन्हा मोजा. आता वर आली तर दोष केबलचा. तरीही शून्यच, तर गाडीतलं एखादं मॉड्यूल किंवा वायर लाइन दाबून धरतेय. जुन्या फोक्सवॅगनमध्ये बाहेरून बसवलेला स्टिरिओ हे नेहमीचं कारण: कंपनीच्या रेडिओ कनेक्टरमध्ये के-लाइनची वायर येते आणि नवा स्टिरिओ तिला अडवतो.

आणि 'व्ही २.१' छापलेल्या नकली चिपवर माझा तरी भरवसा नाही. कितीतरी स्वस्त केबलींत के-लाइनचे पार्ट बसवलेलेच नसतात. त्या कॅनच्या गाडीवर मस्त चालतात, इथे गप्प.

प्रश्नकर्ता
एटीआरव्ही १२.३. पिन ७ वर केबल लावून ०.४, काढल्यावर ११.९. दुसरी केबल लावली, एटीएसपी३ वर 'ओके' आलं. ०३ (दोष-कोड वाचा) ला '४३ ०१ ७१ ०० ०० ०० ००'. लगेच ०४ देऊन कोड पुसू का?

प्रतिसाद १
थांबा! तो पी०१७१ आहे, बँक १ लीन (सिलिंडरच्या पहिल्या रांगेत हवेच्या मानाने इंधन कमी). ०४ दिलं की फ्रीझ फ्रेमही (दोष आला त्या क्षणाचे आकडे) जाते आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतः केलेल्या चाचण्यांची नोंद) शून्यावर येतात. आधी ०२०५००, ०२०६००, ०२०७००, ०२०सी०० लिहून ठेवा: कूलंट, शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात किती टक्के कमी-जास्त करतोय), आरपीएम. तापमानाच्या बाइटमधून ४० वजा (७बी म्हणजे १२३, म्हणजे ८३ अंश). ट्रिमसाठी बाइटमधून १२८ वजा करून १०० ने गुणा, १२८ ने भागा. मग इंजिन चालू करून ०१०६ आणि ०१०७ आयडलला आणि २५०० आरपीएमला बघा. आयडलला ट्रिम खूप जास्त आणि २५०० ला उतरत असेल तर व्हॅक्यूम लीक (इंजिनात बाहेरून शिरणारी हवा) शोधा. रेव्ह वाढवल्यावरही चढत राहिला तर फ्युएल प्रेशर किंवा एमएएफ (हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर) तपासा.

प्रतिसाद २
लॉग घेताना चारच पीआयडी (०५, ०६ असे एकेका आकड्याचे कोड) ठेवा. के-लाइनचा वेग १०४०० बॉड, वीस पीआयडी एकदम लावले तर प्रत्येक आकडा काही सेकंद शिळा असेल.