मदत हवी आहे: भावाला स्किझोफ्रेनिया, आवाज थांबले पण हात-नजर जुळत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकजवळ मखमलाबादचे, घरची दोन एकर द्राक्षबाग. धाकटा भाऊ 27 वर्षांचा. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आता गोळ्या नियमित चालू आहेत, कोणी नसताना आवाज ऐकू येणं जवळजवळ बंद आहे, झोप लागते, आईशी नीट बोलतो.

अडचण वेगळीच आहे. गेल्या हंगामात त्याला विरळणीला सोबत घेतलं. माहीत नसणाऱ्यांसाठी: मणी ज्वारीएवढे झाले की घडातले जादाचे मणी बारीक कात्रीने काढतात, म्हणजे उरलेले फुगतात. पेठ-सुरगाण्याच्या बायका गप्पा मारता मारता ओळ संपवतात. हाही पूर्वी झकास करायचा. आता घड डाव्या हातात धरतो, कात्री देठापाशी नेतो आणि तिथेच थांबतो. मग कापतो ते शेजारचंच. एकदा अख्खी पाकळी, म्हणजे घडाची एक फांदीच, खाली आली.

दोन दिवस मी त्याच्या मागे उभा राहून पाहिलं. कोणी हाक मारली की कुठवर आलो होतो तेच सुटतं, घड पुन्हा वरपासून बघायला लागतो. सकाळी एकटा असला तर हळू पण बरा करतो. अंगणात पोरं चेंडू टाकतात तेव्हा हात उशिरा पुढे येतो. आमच्या गल्लीचा विकेटकीपर होता हो हा!

अण्णांचं म्हणणं, "अंग चोरतो." यावरून घरात रोज वाजतं. मला ते पटत नाही, कारण चुकल्यावर त्याचाच चेहरा उतरतो.

डॉक्टरांकडे रांग एवढी, की "आवाज येतात का? नाही ना? मग छान" इथेच आमची पाळी संपते. मीही काही लिहून नेलं नव्हतं म्हणा.

हे आजारामुळे की गोळ्यांमुळे? सुधारतं का? आणि स्कूटर द्यावी का? त्याला एकट्याने नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका सर्कलपर्यंत जायचंय, माझा जीव वरखाली होतो. गोळ्या बंद करा असं कृपया कोणी सांगू नका. तो प्रयोग मामांच्या सल्ल्याने एकदा झालाय, पुन्हा नको.

ओटी_ताई: मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दादा, दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात. लक्ष टिकवणं, कामाचा वेग, हलत्या वस्तूमागे नजर नेणं यात अडचण येणं हा आजाराचाच भाग असतो. गोळ्या आवाजांवर जेवढ्या लागू पडतात तेवढ्या यावर पडत नाहीत. अशा रुग्णांची नजर सलग न सरकता झटके घेत जाते, हे डिफेनडॉर्फ आणि डॉज या संशोधकांनी 1908 सालीच नोंदवलंय. या आजारावरची पहिली लागू पडणारी गोळी, क्लोरप्रोमझिन, आली 1952 च्या सुमारास. तेव्हा सगळं खापर गोळ्यांवर फोडता येत नाही. आळसावर तर नाहीच.

तरी चिठ्ठीत ट्रायहेक्सिफेनिडिल आहे का बघा. हात थरथरणं, अंग आखडणं यासाठी ती देतात, पण तिने जवळचं धूसर दिसू शकतं आणि विसरायलाही होतं. घड आणि कात्री हे जवळचंच काम. परस्पर कमी करू नका, डॉक्टरांना विचारा. डोळेही तपासून घ्या.

लक्ष आणि स्मरणाचे सराव असतात, त्याला कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणतात. चमत्कार होत नाही, फरक पडतो, विशेषतः खऱ्या कामाशी जोडले तर. झालेल्या घडाला सुतळीची खूण करायला लावा, म्हणजे हाक आली तरी जागा सापडेल. स्कूटर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नकोच.

दिंडोरीकर: आमच्या चुलतभावाचं असंच होतं. विरळणी सोडवली, क्रेट मोजायला बसवला. मालाचा हिशेब आता त्याच्याकडेच असतो. रांगेत बोलणं होत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ता: ताई, चिठ्ठी काढून बघितली. ती गोळी आहे, दिवसातून दोनदा. मागच्या दिवाळीनंतर हात थरथरतो म्हणून सुरू केली होती. पण चेंडू त्याच्याही आधीपासून सुटत होते, हे आईला पक्कं आठवतं. दोन्ही गोष्टी तारखांसकट वहीत लिहिल्या आहेत. सोमवारचा नंबर लावलाय, अण्णांनाही सोबत नेतोय.