ट्रेलरला घरची ट्युब्युलर टाकू का लिथियम घेऊ?

शिवसागर_काठी: मंडळी, बोलेरोमागं ओढायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर करून घेतलाय, आतलं काम झालं, आता बॅटरीपाशी गाडी अडलीय. शुक्रवारी रात्री साताऱ्यातनं निघायचं, बामणोली नाहीतर तापोळ्याकडं कोयनेच्या पाण्याशेजारी दोन रात्री काढायच्या, रविवारी घरी. लाईटीचा पॉईंट कुठं नाही. १२ व्होल्टचा फ्रिज, एक फॅन, दिवे, मोबाईल, बास. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-अवर) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड ॲसिड बॅटरी, वर्षाचीच आहे, ती टाकू का १०० एएचची लिथियम घेऊ? मला ट्युब्युलर पटतीय, ५० एएच जास्त नि खर्च शून्य. चुकत असेन तर सांगा, पण हिशेबानं.

कराडचा_वायरमन: चुकताय. १५० हा आकडा डब्यावरचा. लेड ॲसिड वरचेवर निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे १२ व्होल्ट गुणिले १५० अशा १८०० वॉट-अवरमधले ९०० च आपले. लिथियम आयर्न फॉस्फेट १०० एएच म्हणजे १२.८ व्होल्टनं १२८०, त्यातले ११०० बिनधास्त वापरा. वजन बघा, तुमची पन्नास किलोच्या वर जाणार, लिथियम बारा-तेरा. यवतेश्वरचा घाट चढताना बोलेरोलाच विचारा.

पाणी_बघणारा: वायरमनभाऊ, घाटाचं सोडा, पावसाळ्याचं बोला. जून ते सप्टेंबर हा ट्रेलर ताडपत्रीखाली. ट्युब्युलर उचलून परत घरात लावायची, पावसात लाईट जातेच, बॅटरी कामात राहते. तुमच्या लिथियमचं चार महिने काय लोणचं घालायचं? शिवाय लेड ॲसिड सांगून बिघडते. पाणी जास्त प्यायला लागते, ॲसिडची ग्रॅव्हिटी (दाटपणा) उतरते, दिवे मंद होतात. लिथियमचा बीएमएस (आतलं राखणदार सर्किट) खटकन लाईन तोडतो नि अर्ध्या रात्री काळोख. माझ्या एका गिऱ्हाइकाचा लिथियमचा डबा दुरुस्तीला गेला तो महिनाभर आलाच नाही. तोवर डिस्टिल वॉटरचा कॅन कुठल्याही बाजारगावात मिळतो. (आरओचं पाणी घालणारे महाभाग आहेत, त्यांच्याशी मी बोलत नाही.)

कराडचा_वायरमन: लोणचं घालायची गरजच नाही, निम्मी भरून, वायरी काढून, सावलीत ठेवली की चार महिने काही होत नाही. उलट तुमचीच तशी ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचा थर धरून बसेल. घरात ट्युब्युलर टिकते कारण लाईट आली की तिला दहा-बारा तास सलग मिळतात. कॅम्पिंगला निम्मी उतरवणार, दुपारी सोलरवर थोडी भरणार, शेवटचे २० टक्के भरायलाच तासन् तास लागतात तोवर सूर्य डोंगराआड. दोन दिवस अर्धपोटी. आणि मुख्य म्हणजे चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, वळणावर टोपणातनं ॲसिड उसळतं, त्याच डब्यात तुम्ही झोपणार नि शेगडी पेटवणार?

पाणी_बघणारा: हायड्रोजनचं मान्य. पेटी बाहेर करा, वर जाळी, बॅटरी पट्ट्यानं आवळा. पण म्हणून वर्षाची बॅटरी टाकून नवी घ्यायची?

वेण्णेचा_गारठा: मधेच बोलतो. लिथियम शून्याच्या खाली चार्ज करायची नसते. थंडीत वेण्णा लेकला दव गोठतं, पहाटे चार्जर लावू नका.

कराडचा_वायरमन: वापरायला चालते की. ऊन पडू द्या, मग भरा. बॅटरी आतच असते.

आमची_चूल_तापोळ्यात: दोघं भांडा, पण मी एक विचारते, रोज वीज किती खर्च होणार ते मोजलं का कुणी? आम्ही लिथियमवाले. पहिल्या वेळी दुसऱ्या सकाळीच बंद. कारण काय, तर आमच्या ह्यांनी दोन मोबाईलसाठी इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवलेला, तो नुसता बसून १० वॉट खातो, दिवसाचे २४०! १२ व्होल्टचा यूएसबी पॉईंट बसवला, संपलं. दुसरं, गाडीच्या अल्टरनेटरवरून थेट वायर टाकली होती, लिथियम एवढा करंट ओढते की वायरीचं कव्हर मऊ पडलं, वास आला म्हणून कळलं. मधे करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो, बॅटरीजवळ फ्यूज लागतो. वायरमनभाऊ हे पैसे धरत नाहीत. आणि व्होल्टमीटर बघून लिथियम किती उरली ते कळत नाही, शेवटपर्यंत १३ च्या आसपासच दाखवते नि मग धाडकन पडते. आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा शंट मीटर घ्या.

कराडचा_वायरमन: ताई बरोबर आहेत. धरले नव्हते.

शिवसागर_काठी: मोजलं. फ्रिज ४५ वॉट, निम्मा वेळ चालतो धरून ५४०. फॅन १५ वॉट आठ तास, १२०. दिवे-मोबाईल ८०. रोजचे ७४०, पाऊण युनिट. दोन दिवसांचे १४८०. म्हणजे ९०० मधेही बसत नाही नि ११०० मधेही नाही! मग बॅटरी कुठलीही घ्या, २०० वॉटचं पॅनल आधी. मोकळ्या उन्हात दिवसाला ७०० तरी देईल ना?

आमची_चूल_तापोळ्यात: मोकळ्या उन्हात देतं. पण मोकळ्या उन्हात ट्रेलर लावला की आत माणूस भाजतो नि फ्रिज थांबतच नाही. ट्रेलर जांभळीखाली, पॅनल लांब वायरीवर उन्हात.

कराडचा_वायरमन: पॅनल नि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर घेताना लिथियमचं सेटिंग असलेला घ्या, म्हणजे पुढं बदलायला नको. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र लिथियम तशीच लावू नका, त्याचं चार्जिंग लेड ॲसिडचं असतं.

पाणी_बघणारा: "पुढं" म्हणाले बघा. म्हणजे ह्या सीझनला ट्युब्युलरच.

शिवसागर_काठी: ठरत आलं होतं तसंच. आत्ता आईला सांगितलं तर म्हणाली, शनिवारी संध्याकाळी लाईट गेल्यावर मी काय तुमच्या मेणबत्तीवर टीव्ही बघू?

पाणी_बघणारा: मग खर्च शून्य नाही राहिला.